फुलांच्या पाणवठ्यावरील साथ

परोपजीवी हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आंब्याच्या फांदीवरचे बांडगूळ उभे राहते. बांडगुळाचा एक गुण असा की ते दिसते. माळ्याला ते ओळखता येते आणि कोयत्याने उतरवताही येते. आज ज्या परोपजीवींविषयी लिहावयाचे आहे त्यांच्या ठायी एवढा प्रामाणिकपणा नाही. ते माशीच्या आतड्यात, श्वासनलिकेत, चरबीत दडून राहतात. आणि माशी मेली तरी ती कशाने मेली हे विचारण्यास रानात कोणी बसलेले नसते.

पेटीतल्या मधमाशीची गोष्ट निराळी. तिला मालक असतो. तो पेटी उघडून पाहतो, रोगट पोळी जाळतो, औषध घालतो. परंतु पृथ्वीवर मधमाश्यांच्या कुळातील वीस हजारांहून अधिक जाती आहेत, आणि त्यांपैकी माणसाने पाळलेल्या जाती हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्या सर्व रानमाश्या. कोणी जमिनीत बीळ करून राहते, कोणी भिंतीच्या भोकात, आणि आपला काळा भुंगा घराच्या वाशात किंवा वाळक्या बांबूत. फळबागा, भाजीचे मळे, रानातली झाडे ह्यांच्या परागीभवनाचा मोठा भार ह्या बिनमालकीच्या माश्या वाहतात. त्यांच्यात रोग शिरला तर तो केव्हा आपोआप विझतो आणि केव्हा वणव्यासारखा पसरतो, हा आमच्या विवेचनाचा प्रश्न आहे. ह्याचे उत्तर केवळ जंतूच्या अंगी शोधू गेल्यास फसगत होते. ते बरेचसे माश्यांच्या गाठीभेटींत आहे: कोण कोणाला, कोठे, केव्हा आणि किती वेळा भेटते ह्यात.

ह्या बाबतीत शास्त्रज्ञांनी सर्वांत बारकाईने अभ्यासलेली माशी म्हणजे बंबलबी. ही आपल्या सह्याद्रीत नाही. भारतात ती हिमालयाच्या थंड उतारांवर आढळते. अंगाने जाड, लोकरीचा डगला घातल्यासारखी केसाळ, आणि थंडीवाऱ्यातही कामाला निघणारी. तिच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत. तिचे पोळे लहान असते, आणि थंड प्रदेशांत ते एका वर्षापुरतेच असते. वसंतात एकटी राणी जमिनीखालून बाहेर पडते, उंदराच्या जुन्या बिळासारखी जागा शोधते आणि स्वतः कष्ट करून पहिल्या कामकरी माश्या वाढवते. उन्हाळ्यात वस्ती भरभराटते. शरद ऋतूत सगळे पोळे मरते. उरतात त्या केवळ नव्या, फळलेल्या राण्या. त्या जमिनीत शिरून हिवाळाभर झोपतात.

ह्या माशीच्या आतड्यात क्रिथिडिया बॉम्बी नावाचा एकपेशीय जीव राहतो. त्याचे कूळ आपल्याला अगदीच अपरिचित नाही. बिहारकडे काळा आजार उत्पन्न करणारा जंतू आणि आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा जंतू हे ह्याचे भाऊबंद होत. मात्र त्या दोघांना एका शरीरातून दुसऱ्या शरीरात नेण्यास चावणारी माशी लागते. क्रिथिडियाला तसले वाहन लागत नाही. तो आजारी बंबलबीच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि दुसऱ्या माशीच्या तोंडावाटे आत जातो. पोळ्याच्या आत हे सहज घडते, कारण तेथे सर्वांचा वावर एकाच दाटीत असतो. पण एका पोळ्यातून दुसऱ्या पोळ्यात तो जातो कसा? बंबलबी परक्या घरी सहसा पाहुणचाराला जात नाहीत.

उत्तर फुलात आहे. स्वित्झर्लंडमध्ये ड्युरर आणि श्मिट-हेम्पेल ह्या संशोधकांनी १९९४ साली दाखवून दिले की आजारी माशी ज्या फुलावर बसून गेली त्याच फुलावर मागाहून आलेल्या निरोगी माशीला लागण होते. आमच्यातील वयोवृद्धांना पंढरीच्या वारीला निघण्यापूर्वी पटकीची टोचून घेण्याची सक्ती आठवत असेल. रोग काही विठोबाच्या दारी जन्मत नव्हता. गावोगावची माणसे एका पाण्यावर येत म्हणून तो गावोगाव जाई. फूल हा माश्यांचा पाणवठा आहे. कामकरी माशी दिवसाकाठी शेकडो फुलांना भेट देते. तिच्या आधी तेथे कोण येऊन गेले ह्याची तिला वार्ता नसते.

आता सर्व पाणवठे सारखे नसतात, तशी फुलेही नसतात. काही फुलांची बैठक अशी असते की माशीची विष्ठा नेमकी तेथेच पडते जेथे पुढच्या माशीचे तोंड येणार. काहींत ती खाली गळून जाते. उघड्या पाकळीवर ऊन लागले म्हणजे क्रिथिडिया काही तासांतच मरतो. फुलाच्या आतील सावलीत तो थोडा अधिक टिकतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात एका ऋतूभर चाललेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ११० जातींच्या माश्या व ८९ जातींची फुले ह्यांची तपासणी झाली. पाच प्रकारच्या परोपजीवींचा शोध घेतला होता. शंभर माश्यांमागे सुमारे बारांत, आणि शंभर फुलांमागे जवळजवळ नवांवर, त्यांपैकी कोणता ना कोणता सापडला. फुलांच्या जाती घेतल्या तर शंभरांतल्या सत्तर! म्हणजे पाणवठा स्वच्छ असणे हा अपवादच म्हणावयाचा.

त्याच पाहणीतील दुसरा निष्कर्ष आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. माश्यांत रोगाचे प्रमाण सर्वांत अधिक केव्हा होते? ऋतूच्या अखेरीस, जेव्हा रानात माश्यांच्या जाती थोड्या उरल्या होत्या आणि पेटीतल्या मधमाश्या व बंबलबी ह्या वसाहत करून राहणाऱ्या माश्यांचेच प्राबल्य झाले होते. उलट फुलांवर रोगाचे प्रमाण सर्वांत कमी केव्हा होते? जेव्हा फुले विपुल होती. हिशेब सोपा आहे. भेटी तेवढ्याच आणि फुले दुप्पट, तर एका फुलावरची गर्दी निम्मी. तसेच, जो जंतू बंबलबीत वाढतो तो एखाद्या एकांड्या मातीमाशीच्या पोटात गेला तर बहुधा तेथेच त्याची वाट संपते. अनेक जातींच्या माश्या नांदत असल्या म्हणजे रोगाचा बराचसा माल असा वाया जातो. बांध साफ केले, तण म्हणून सारी रानफुले उपटली, मैल न् मैल एकच पीक लावले, की ते एक पीक फुलून गेल्यावर उरलेल्या चार फुलांवर साऱ्यांची झुंबड होते. दुष्काळात गावची एकच विहीर उरावी तसे हे होते.

जंतू पोटात गेला म्हणजे माशी मेलीच असे नाही, आणि येथेच प्रकरण गुंतागुंतीचे होते. पोटभर खाल्लेल्या कामकरी बंबलबीला क्रिथिडियाचा फारसा त्रास होत नाही. तिलाच उपाशी ठेवले तर ती निरोगी उपाशी माशीपेक्षा लवकर मरते. परंतु खरा फटका बसतो तो राणीला. आजारी राणी हिवाळ्याच्या दीर्घ उपवासानंतर अर्धमेली होऊन वर येते. तिला पोळे उभारणे जड जाते, आणि पुढच्या पिढीच्या राण्या व नर निर्माण करण्याची तिची शक्ती निरोगी राणीच्या मानाने सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असे २००३ साली झुरिकच्या संशोधकांनी मोजून दाखविले. उन्हाळ्यात ज्या रानात भरपूर माश्या बागडताना दिसतात तेथे पुढच्या वर्षी त्या का कमी झाल्या ह्याचे एक कारण अशा रीतीने आदल्या शरदातच जमिनीखाली निजलेले असू शकते.

ह्याच ठिकाणी निसर्गाने रोगालाही एक अरुंद दार ठेवले आहे. क्रिथिडियाला हिवाळा काढावयाचा तर राणीच्या पोटातच. दुसरी धर्मशाळा त्याला नाही. राणी मेली की तोही मेला. त्यामुळे अतिजहाल जंतू स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतो, आणि दरवर्षी वसंतात रोगाला जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मग उन्हाळा पुढे सरकतो तसतसे त्याचे प्रमाण चढत जाते. काही ठिकाणी निम्म्याहून अधिक कामकरी माश्या बाधित झालेल्या आढळल्या आहेत.

रक्ताच्या नात्याचा भागही लक्षात घेतला पाहिजे, मात्र त्याचा विस्तार येथे करीत नाही. एका पोळ्यातील साऱ्या माश्या बहिणी असतात, म्हणून एकीला लागू पडलेला जंतू दुसरीलाही सहज लागू पडतो. १९९९ साली बेअर व श्मिट-हेम्पेल ह्यांनी काही राण्यांना एकाहून अधिक घराण्यांतील नरांचे बीज मिळेल अशी योजना केली. त्या पोळ्यांत परोपजीवी कमी निघाले. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर ह्याची उलट बाजू दिसते. तेथे ज्या बेटांवर माश्यांत आपसांतलेच संबंध फार झाले, तेथे क्रिथिडियाचे प्रमाण अधिक आढळले. रानाचे तुकडे पडून माश्यांच्या वस्त्या एकमेकींपासून तुटल्या म्हणजे तीही एक प्रकारची बेटेच होतात.

पाणवठ्यावर रोग मिळतो तसे कधीकधी औषधही मिळते, ही ह्या विषयातील अत्यंत मनोरंजक गोष्ट होय. सूर्यफुलाचे पराग खाल्लेल्या बंबलबीत क्रिथिडिया फार कमी होतो असे २०१८ साली अमेरिकेत दिसून आले. पुढच्याच वर्षी लंडनजवळच्या क्यू उद्यानातील हाउके कोख ह्यांनी हेदर ह्या ब्रिटनच्या माळरानांवरील झुडपाच्या मकरंदातील एक द्रव्य वेगळे काढले. ह्या द्रव्याने क्रिथिडियाची शेपटी गळून पडते. शेपटीच्या आधारेच तो आतड्याच्या भिंतीला चिकटून राहत असल्यामुळे, शेपटी गेली की तो वाहून जातो. हेदरची माळराने नांगरली गेली तेव्हा माश्यांचे अन्न गेले हे सर्वांना कळत होते. त्यांच्या दवाखान्यालाही टाळे लागले हे पुष्कळ उशिरा कळले.

येथवर जे सांगितले ते सारे रानाच्या आपल्या चालीने चालणारे होते. फूल, ऋतू, भूक, नाते ह्यांच्या ओढाताणीत रोग वाढतो, ओसरतो, पुन्हा वाढतो. गेल्या चाळीस वर्षांत ह्यात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे, आणि ती म्हणजे पुठ्ठ्याची पेटी.

टोमॅटोच्या फुलातील पराग सहज सुटत नाहीत. फूल हलवावे लागते. बंबलबी फुलाला धरून अंग थरथरवते आणि पराग झडतात. आपला काळा भुंगा वांग्याच्या फुलावर हेच करतो. युरोपातील काचघरांत हे काम मजूर थरथरत्या काठीने करीत असत. १९८५ च्या सुमारास बेल्जममधील द योंगे नावाच्या पशुवैद्यास बंबलबीचा हा उपयोग ध्यानी आला, आणि दोनच वर्षांत तिची पैदास करून पेट्या विकण्याचा धंदा सुरू झाला. आज हा व्यापार जगभर चालतो. माशी उत्तम काम करते, शेतकऱ्याची मजुरी वाचते, विषारी फवारणीही कमी होते, कारण फवारले तर माश्या मरतात. ह्या धंद्याला सरसकट दोष देणे आम्हांला न्याय्य वाटत नाही.

परंतु काचघराला खिडक्या असतात. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काचघरांच्या आसपासच्या रानटी बंबलबींत क्रिथिडिया अधिक सापडला, दूरच्यांत कमी. इंग्लंडमध्ये तीन उत्पादकांकडून ४८ पेट्या विकत घेऊन तपासण्यात आल्या. त्या रोगमुक्त म्हणून विकल्या जात होत्या. त्यांपैकी ७७ टक्के पेट्यांत परोपजीवी निघाले. पेटीबरोबर माश्यांच्या शिदोरीसाठी दिलेल्या परागांतही ते होते. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकाच छपराखाली, दाटीत, बारमाही पैदास होत असली की हिवाळ्याचे ते अरुंद दार नाहीसे होते, हे वर सांगितलेल्या गोष्टींवरून वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

ह्या व्यापाराची सर्वांत करुण कथा दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे घडली. पातागोनियाच्या अरण्यांत बॉम्बस डाल्बोमी नावाची सोनेरी-तांबूस रंगाची बंबलबी राहते. ती जगातील सर्वांत मोठ्या बंबलबींपैकी एक. तिची राणी उडताना पाहिली तर एखादा उंदीर उडतो आहे असा भास व्हावा. त्या प्रदेशाची ही एकमेव देशी बंबलबी. १९८२ साली चिलीने लाल क्लोव्हर ह्या चाऱ्याच्या पिकासाठी न्यूझीलंडहून एक परदेशी बंबलबी आणली. तीही मूळची तेथली नव्हेच. इंग्रज वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडहून न्यूझीलंडला बंबलबी नेल्या होत्या त्याच क्लोव्हरसाठी. ह्यानंतर १९९७-९८ च्या सुमारास टोमॅटोकरिता युरोपीय बॉम्बस टेरेस्ट्रिस हिच्या पेट्या बेल्जम व इस्राएल येथून चिलीत आल्या. शेजारच्या अर्जेंटिनाने ह्या माशीला परवानगी दिली नव्हती. परंतु अँडीज पर्वतातील खिंडींत माश्यांचे पासपोर्ट तपासले जात नाहीत. २००६ साली ती अर्जेंटिनात दिसली आणि वर्षाला सुमारे दोनशे किलोमीटर ह्या वेगाने पसरत गेली. ती जेथे जेथे पोहोचली तेथून बहुतेक ठिकाणी काही वर्षांतच सोनेरी डाल्बोमी दिसेनाशी झाली. आज ती धोक्यात आलेल्या जातींत गणली जाते.

ह्यात परोपजीवीचा हात किती? अर्जेंटिनातील संशोधकांनी टेरेस्ट्रिस येण्यापूर्वी पकडलेल्या आणि नंतर पकडलेल्या बंबलबींची तपासणी करून २०१३ साली निष्कर्ष मांडले. माश्यांच्या चरबीवर जगणारा एपिसिस्टिस बॉम्बी नावाचा परोपजीवी पूर्वीच्या नमुन्यांत आढळला नाही. नंतरच्यांत तो तिन्ही जातींत आढळला. पाहुणीबरोबर तो आला ह्याविषयी संशय थोडाच उरतो. तरीही डाल्बोमी केवळ ह्या रोगानेच संपली असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. नवी माशी संख्येने अफाट होती, वसंतात लवकर कामाला लागत होती, फुले ओरबाडून फाडीत होती. भूक आणि रोग एकत्र आले म्हणजे काय होते हे आपण वर पाहिलेच आहे. दोघांचे वाटे वेगळे काढून दाखविणे कठीण.

असा सावधपणा का हवा ह्याचे उदाहरण उत्तर अमेरिकेत मिळते. तेथे फ्रँकलिनची बंबलबी ही जात २००६ साली ओरेगॉनमध्ये रॉबिन थॉर्प ह्या कीटकशास्त्रज्ञांना शेवटची दिसली. त्यानंतर ती कोणालाही दिसलेली नाही. युरोपात पैदास करून परत आणलेल्या माश्यांबरोबर नोसेमा नावाच्या परोपजीवीचा परका वाण आला असावा, असा थॉर्प ह्यांचा तर्क होता. घटत्या जातींत नोसेमा अधिक आहे हे पुढे सिद्धही झाले. परंतु २०१६ साली संग्रहालयांतील टाचलेल्या जुन्या माश्यांतून ह्या परोपजीवीचा माग काढला तेव्हा असे दिसले की तो त्या खंडात आधीपासून होता. वाढला मात्र तो १९९० नंतरच्या दशकात, म्हणजे पेट्यांचा धंदा सुरू झाल्यावर. परका वाण आल्याचा पुरावा मिळाला नाही.

आता आपल्याकडे वळू. हा सारा दूरदेशीचा वृत्तांत आहे असे समजून स्वस्थ बसावे, तर आपल्या माश्यांचेही त्यात अंग आहे. आपली सातेरी माशी आशिया खंडातली. तिच्या अंगावर व्हॅरोआ नावाचा बारीक माइट फार पूर्वीपासून राहतो. जावा बेटावर सातेरीच्याच जातीवर तो सापडून १९०४ साली त्याचे वर्णन झाले. तिच्या पोळ्यात तो केवळ नरांच्या घरांत वाढतो, आणि कामकरी माश्या त्याला वेचून काढतात. दोघांचे फार बिघडत नाही. पाश्चात्य मधमाशीच्या पेट्या आशियात आल्या, तो माइट तिच्यावर चढला आणि त्याने जगभर हाहाकार केला. सातेरीचाच आणखी एक परोपजीवी, नोसेमा सेराने, ह्याची ओळख १९९६ साली पटली. आणि २००९ साली तो अर्जेंटिनातील देशी बंबलबींत सापडल्याचे प्रसिद्ध झाले! आपल्या माशीने तो समुद्र ओलांडून नेला नाही, हे सांगावयास नको.

आग्या मोहोळाचे उदाहरण तर आमच्या मते मुद्दाम पाहण्याजोगे आहे. आग्या माशीवर ट्रॉपिलेलॅप्स हा माइट असतो. तो माशीच्या अळ्यांवरच जगतो. अळ्या नसतील तर काही दिवसांतच उपाशी मरतो. आग्या माश्या पावसाळा तोंडावर आला की सह्याद्रीतील कडे आणि झाडे सोडून पठाराकडे निघतात, पोळे मागे रिकामे टाकतात. प्रवासात अंडी नाहीत, अळ्या नाहीत. माइटला अन्न नाही. वर्षातून एकदा घरदार सोडणे हीच ह्या माशीची दवा. पेटीतल्या पाश्चात्य माशीला मात्र साखरेच्या पाकावर बारमाही वाढविले जाते, अळ्या कधी खंडत नाहीत, आणि तोच माइट तेथे मातून उठतो.

सातेरीने तर साथ प्रत्यक्ष भोगली आहे. तिच्या अळ्या पिशवीसारख्या होऊन मरतात असा विषाणूजन्य रोग १९७६ साली थायलंडात आढळला, १९७८ साली मेघालयात पोहोचला, आणि १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात त्याने सातेरीची नव्वद टक्क्यांहून अधिक पोळी बुडविली. पेटीतल्या पोळ्यांची निदान मोजदाद झाली. रानातल्या झाडांच्या ढोलींत काय झाले ते ढोलींनाच माहीत.

म्हणून आपल्याकडे हरितगृहांची संख्या वाढत असताना, परदेशी बंबलबी मागवू या असे कोणी सुचविल्यास त्याला पातागोनियाचा नकाशा दाखवावा. हिमाचल प्रदेशात सोलनजवळ नौणी येथील विद्यापीठात हिमालयातील देशी बंबलबी पाळण्याचे प्रयोग झाले आहेत. तिचा उपयोग तिच्याच डोंगरांत करावा, तिलाही खाली दख्खनेत आणण्याचा मोह धरू नये. मधाच्या पेट्या एका पिकावरून दुसऱ्या पिकाकडे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलविताना त्या निघण्यापूर्वी तपासल्या जाव्यात. गुरांच्या बाजारात जनावराचे तोंड उघडून पाहतो तितकी तरी काळजी घ्यावी. बांधावर पावसाळ्यानंतरची रानफुले थोडी राहू द्यावीत, म्हणजे शेतातले पीक फुलून गेल्यावर पाणवठे अनेक राहतात. जपानने २००६ साली टेरेस्ट्रिसला घातक परकी जात ठरविले. तिला तेथे परवान्यावाचून वापरता येत नाही, आणि परवाना असला तरी काचघराच्या प्रत्येक खिडकीला जाळी लावावी लागते. मच्छरदाणीला लागते त्याहून मोठ्या छिद्रांची जाळी त्यास पुरते.